गुलाबी शनिवार

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच कपाटावर टाकलं असतंस, म्हणून तुझं नाव शेजारच्या काकूंकडून लिहून घेतलं. संध्याकाळी फिरायला जाताना त्याच ते तुझ्या पेटीत टाकतील. त्यांनी दहा वेळा विचारलं, सख्ख्या भावाला पत्र आणि पाकिटावर नाव मी लिहायचं, हे काय गौडबंगाल आहे? मी म्हटलं, बोटं दुखतात माझी. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. चार वर्षं तू माझ्याशी एक शब्द बोललेला नाहीस, त्यापुढे ही चार पानं म्हणजे काहीच नाही.

आधी मुद्द्याचं. गेल्याच्या गेल्या शनिवारी आमचा संघ गुलाबी जर्सी घालून मैदानात उतरला, त्यात तुझ्या माणसांचा काडीचाही हात नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. क्लबच्या ऑफिसला मात्र तसं वाटत नाही. धुलाईखान्याच्या खिडकीची कडी मोडकी आहे, आणि महिन्यापूर्वी तू तुमच्या बैठकीत म्हणाला होतास की या पोरांच्या अंगावर एक दिवस पुन्हा डाळिंबी रंग चढेल. एवढ्यावरून त्यांनी ठरवून टाकलं की तुमच्यापैकी कोणीतरी खिडकीतून आत आलं आणि यंत्रात रंग टाकून गेलं. तुमच्या ‘जुना रंग’ क्लबची मैदानाची परवानगी काढून घ्या, असं त्यांनी पालिकेला लिहिलंय आणि उद्या सकाळी दहाला सुनावणी आहे, हे तुला मी सांगायला नकोच. त्यात तुझं तोंड! न्हाव्याच्या दुकानात भर गर्दीत म्हणालास म्हणे, आम्ही केलं असतं तर गुलाबी कशाला, नीट डाळिंबीच केलं असतं. लोक पोट धरधरून हसले, पण ऑफिसात ते वाक्य जसंच्या तसं पोचलंय. अरे, कधीतरी नुसतं ‘नाही’ म्हणून गप्प बसायला काय जातं तुझं?

मला लहानपणापासून चौकशांची खोड. बाबा आपल्याला सामन्याला न्यायचे तेव्हा तू चेंडूकडे बघायचास आणि मी बघणाऱ्यांकडे. गोल झाला की मी मागे वळून लोकांचे चेहरे न्याहाळायचे आणि तू माझी वेणी ओढून मान पुढे फिरवायचास. तेव्हा सगळं गाव डाळिंबी होतं, दुसरा काही रंग असू शकतो हे कोणाच्या डोक्यातही यायचं नाही. मग नवे मालक आले, त्यांना टीव्हीवर उठून दिसेल असं काहीतरी हवं होतं, आणि संघ पांढरा झाला. पहिल्याच सामन्यात, दहाव्या मिनिटाला, तू तीनशे माणसं घेऊन गॅलरीतून उठलास. जाताना धुलाईखान्याच्या खिडकीशी थांबलास. मी मध्यंतरात बदलायच्या जर्सींना इस्त्री करत होते. तू म्हणालास, ठेव ती इस्त्री आणि चल. मी म्हटलं, दादा, अर्ध्या तासात लागणार आहेत रे या. एवढंच बोलणं झालं आपलं. तू पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर नवा क्लब काढलास आणि मी होते तिथेच राहिले. अठरा वर्षांची नोकरी होती म्हणून राहिले, आणि खरं सांगायचं तर इस्त्री गरम होती म्हणूनही राहिले. पुढे कानावर आलं की तू मला फितूर म्हणतोस. मी नेमकं कोणत्या क्षणी फितूर झाले, हे मला अजून उलगडलेलं नाही.

म्हणूनच असेल, गेली दोन वर्षं मी भेटेल त्याला विचारत सुटलेय, तुझं मन कधी फिरलं? कोणत्या दिवशी, कुठे बसला होतास? औषधांच्या दुकानातल्या बाई तुझ्यामागून उठून गेल्या, त्यांना तू तुमच्या क्लबचा खांब समजतोस. त्यांनी मला सांगितलं की रंगाचं त्यांना काहीच नव्हतं. शेजारच्या खुर्चीतली मैत्रीण उठली म्हणून त्या उठल्या. पंचवीस वर्षं त्या सामन्याला नव्हे, तिच्याशी गप्पा मारायला जात होत्या. न्हाव्याने सुरुवातीला दुकानातला टीव्ही भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. आम्ही वरच्या गटात गेलो तेव्हा त्याने तो अर्धा वळवला, गिऱ्हाइकांसाठी म्हणे. आता तो पुरता सरळ आहे, आणि गोल झाला की हा पठ्ठ्या गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा टेकवून तसाच बघत राहतो. मी विचारलं तेव्हा म्हणाला, ताई, मन फिरलं नाही, सरकलं. पण मला पेचात टाकलं ते त्याच्या कॉलेजातल्या मुलीने. संघ डाळिंबी होता तेव्हा ती कधी मैदानात आलीच नव्हती, तिच्यासाठी पांढराच पहिला. ती म्हणाली, मावशी, तुम्हा लोकांचं प्रेम तेवढं खरं, आणि माझं काय टीव्हीने शिकवलेलं? याचं उत्तर तुला सुचतं का बघ, आणि सुचलं तर तिला सांग.

तो शनिवार कसा होता हे तुला चार जणांनी चार प्रकारे सांगितलं असेल, तरी मी बघितलेला सांगते. सामन्याला तास राहिला असताना खेळाडूंच्या खोलीत गाठोडं उघडलं, तर दोन्ही संच गुलाबी. नवीन जर्सी यायला दोन आठवडे होते. सामान सांभाळणारे काका पंचांकडे धावले. शेवटी पंचांनी हो म्हटलं आणि पोरं तशीच बाहेर गेली. मी बोगद्याच्या तोंडाशी उभी होते, सवयीप्रमाणे मैदानाकडे पाठ करून. आधी हशा. मग पूर्वेच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, “डाळिंबी!” आणि बघता बघता निम्मी गॅलरी ओरडायला लागली. न्हावी बाकावर चढून ओरडत होता, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या त्याच्या. मी मनात म्हटलं, सरकलेलं मन असं एका उडीत परत येतं होय! मला इतका आनंद झाला की काय सांगू. आणि मग त्याच बाकावर त्याची मुलगी दिसली. पांढरा स्कार्फ तोंडावर धरून रडत होती. बापलेकीत हातभर अंतर असेल नसेल. तिच्या संघाची आख्ख्या गावासमोर थट्टा झाली होती, आणि त्या थट्टेत तिचा बाप सगळ्यात पुढे होता. सामना बरोबरीत सुटला. गोल कोणी केले ते मला आजही सांगता येणार नाही.

आता तुमच्या जर्सींचं. तुमचा गोलकीपर, म्हणजे आमच्याकडे येणारा प्लंबर, दीड वर्षापूर्वी आमच्या धुलाईखान्यात गळती काढायला आला. खांद्याला पिशवी होती आणि तिचा वास असा की मी नाकाला पदर लावून विचारलं, काय मेलंय आत? तेव्हा कळलं की वहिनीचं मनगट मोडलंय, आणि दिवसभर डेपोत बसच्या इंजिनांत हात घालून आलेला तू संध्याकाळी बादलीत अकरा जर्सी बुचकळत बसतोस. वाळल्यावर त्या पुठ्ठ्यासारख्या आपल्या आपण उभ्या राहतात, असं तो म्हणाला. तुला खोटं वाटेल, पण सुरुवात नुसत्या कुतूहलाने झाली. कापड कुठलं आहे ते बघायला मी एक बाहेर काढली. तिचा सात नंबर तू गोणी शिवावी तसा शिवला होतास. मी तो उसवून नीट बसवला. मग वाटलं, हाताशी आहे तर धुऊन टाकावी. मग उरलेल्या दहांनी काय घोडं मारलं होतं? तेव्हापासून दर शुक्रवारी काका जेवायला घरी गेले की मी तुमचं गाठोडं यंत्रात घालते, गार पाण्यात, मूठभर मीठ टाकून. प्लंबरने तुला सांगितलं की नदीपलीकडे त्याच्या आत्याची लाँड्री आहे. सावलीवरही संशय घेणारा तू, पण आत्यावर मात्र विश्वास ठेवलास! वर्ष झालं तेव्हा तू त्या आत्याला चिठ्ठी पाठवलीस. लिहिलंस, आत्याबाई, तुमच्यामुळे आमची पोरं खेळाडू दिसतात. आणि खाली लिहिलंस, माझी बहीण हे काम फार छान करते, तुमचा हात अगदी तिच्यासारखा आहे. ती चिठ्ठी वाचून मी साबणाच्या पिंपाआड बसून ढसाढसा रडले. मी कशी आहे हे मला न विचारणारा तू, एका परक्या बाईजवळ माझं कौतुक करत होतास.

पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. गेल्या महिन्यात तुमचे नवे मोजे आले. नवे कसले, पांढरे आणून तूच घरी रंगवलेले. पहिल्याच पाण्यात मला कळलं की रंग नीट उकळलेला नाही, मीठही कमी पडलंय. त्या सामन्याच्या आदल्या शुक्रवारी आमचं लहान यंत्र बंद होतं, सगळं एकाच मोठ्या यंत्रात उरकायचं होतं. तुमचे कपडे निघायला उशीर झाला, जिन्यात काकांची पावलं वाजली आणि मी घाईघाईने गाठोडं ओढून काढलं. यंत्राच्या दाराला रबराची घडी असते, तिच्यातून एकदा हात फिरवायचा, हा पहिला धडा मी प्रत्येक नव्या मुलीला देते. त्या दिवशी मीच विसरले. तुमचा एक मोजा घडीत राहिला, आणि वर मी आमचे दोन्ही संच घातले, कडकडीत पाण्यात. दार उघडल्यावर मी आधी काय केलं असेल? रंग बघितला. खोटं कशाला बोलू, छान दिसत होता. मग संध्याकाळपर्यंत दोनदा धुतले, पण रंग जाईना. ब्लीच घातलं असतं तर नंबरही गेले असते. शनिवारी सकाळी मी मुकाट्याने गाठोडं बांधून खोलीत ठेवलं. सोमवारी मॅनेजरबाईंनी विचारलं, खिडकी उघडी राहिली होती का? मी म्हटलं, राहिली असेल. एवढंच म्हटलं, दादा. त्या दोन शब्दांनी तुझ्या गळ्यात फास अडकवला, आणि मी गेला आठवडाभर रोज कामावर जाऊन टॉवेलांच्या घड्या घालतेय. न्हाव्याच्या मुलीला मी विचारलं होतं की तू कोणाची, डाळिंबीची की पांढऱ्याची. मला कोणी तसं विचारलं तर काय सांगायचं याचा मी फार विचार केला. शुक्रवारी दुपारी मी तुझी असायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यांची, आणि दोन्ही वेळा अगदी मनापासून. असं होऊ शकतं का रे? मला खरंच जाणून घ्यायचंय.

उद्या दहाला मी सुनावणीला येतेय, आणि तू तोंड उघडायच्या आत उठून हे सगळं सांगणार आहे. मोजा पिशवीत घेतलाय, दाखवायला. नोकरी बहुतेक जाईल. क्लबच्या यंत्रात दुसऱ्यांचे कपडे धुतले, वर नऊ दिवस तोंड शिवून बसले, कोण ठेवेल? भीती वाटतेय, नाही म्हणत नाही. या वयात नवं काम कोण देणार ही एक भीती, आणि तुझ्या तोंडाकडे बघायची दुसरी. पण तुझी आत्याबाई कोण हे तुला तिथे परक्या माणसांच्या गर्दीत कळावं, असं मला नको होतं. ते घरी, एकट्याला कळावं, म्हणून हे लिहिलं. उद्या माझ्या बाजूने बोलायला उठू नकोस, तू उठलास की बिघडतंच. सगळं आटोपलं की मी बाहेर पायऱ्यांवर थांबेन. तुला राग आला असेल तर तिथेच ये आणि चारचौघांसमोर वाट्टेल ते बोल, फक्त माझं नाव घेऊन बोल. चार वर्षं झाली, तुझ्या तोंडून ते ऐकलेलं नाही.

फितूर म्हणालास तरी तुझीच,
धाकटी