शिट्टीतले कुंकू

डहाणू, खंडेनवमी, २०१६. सायंकाळ.

रेल्वेत नोकरीस असलेल्या वडिलांनी मला दिलेले वाफेचे खेळण्यातले इंजिन मी दरवर्षी आजच्या दिवशी पूजतो. त्याची शिट्टी मात्र कित्येक वर्षे मुकी. नातीला, सईला, ती न ऐकवताच आपण जाणार, ही रुखरुख होती.

आज सईने सुईने शिट्टीचे छिद्र कोरले, तर लाल भुकटी निघाली.

“आजोबा, कुंकू भरभरून तुम्हीच हिचा गळा बंद केलात की!”

माझ्याच भक्तीने? हसू आले.

मग पाणी उकळले, वाफ कोंडली आणि शिट्टी वाजली. वडिलांच्या वेळची, तीच! नादब्रह्म म्हणतात ते आज स्वयंपाकघरात भेटले. हात आपोआप जोडले गेले.

देवा, तुझे उपकार. पुढील वर्षी कुंकू चाकांनाच लावीन. शिट्टी सईची.