चोळायचं नाही

३ जून, सोमवार
आज सकाळी सव्वादहाला घरी आलेल्या नर्सने माझा अपमान केला. धाकट्या बहिणीकडे राहायला येऊन मला जेमतेम दोन तास झालेले. खोली हवेशीर, खिडकीत ऊन, मी अगदी खुशीत. आणि ही पोर हातमोजे पुढे करत म्हणते, "आजी, नुसतं लावायचं, चोळायचं नाही." आजी म्हणे! धाकटीच्या पाठीवर कित्येक वर्षं सोरायसिसचे चट्टे आहेत. नवं मलम अतिसूक्ष्म कणांचं. कण औषध घेऊन आपणच कातडीत शिरतात आणि हवं तिथे थांबतात. थांबतात कसे, विचारलं. नर्सबाईंना नेमका तेव्हाच फोन आला.

६ जून
चोळलंच. मोज्यांशिवाय. कॉन्व्हेंटमध्ये ननने बाकांना पॉलिश करायला शिकवलं होतं: आपलं तोंड दिसेपर्यंत चोळा. धाकटी कुरकुरली, "ताई, नको सांगितलंय ना गं!" मी म्हटलं, पाठ तुझी की नर्सची? खपल्या मात्र गळल्या.

११ जून
पाठ नितळ. धाकटीने उघड्या पाठीचा झगा घालून आरशापुढे गिरकी घेतली, माझ्या गळ्यात पडली. मनातल्या मनात मी नर्सला चार शब्द सुनावले.

१४ जून
धाकटीला माझा स्पर्श कळत नाही. अंग तापलंय, घाम नाही. पाठ चकाकते. माझ्या तळहातांवरच्या रेषा गेल्या आहेत.

१५ जून
हात जवळ नेला की तिची कातडी वर उचलली जाते. हाताकडे. डॉक्टरांना फोन केला. चोळलं असेल तर ताबडतोब घेऊन या, नुसतं लावलं असेल तर काळजी नको, म्हणाले. मी म्हटलं, नुसतं लावलं.
जन्मभर दुसऱ्यांना खडसावलं आणि वेळेला जीभ अशी वळली. धाकटी वर माझीच समजूत घालते: ताई, तुझा काय दोष.

१६ जून
खरं सांगायचंय. फोनला माझी बोटं कळत नाहीत. गुळगुळीत —

धाकटी कळवळली. विसरून पाठीवर हात ठेवला. सुटत नाही. डाव्या हाताने लिहितेय.
पाठीत तोंड दिसतंय. माझं. ओठ हलतायत. मी तर गप्प —

डॉक्टर, मी चोळलं. सांगितलं होतं तरी. तिचा दोष नाही. कण कुठे थांबतात? लेखी उत्तर हवं. उद्या सकाळी सव्वादहाच्या आत. धाकटीचा श्वास चालू आहे, पण मी घेते तेव्हाच ती —