आमोसला म्हणाले, भाकर खा

तीर्थरूप अप्पांस, पुण्याहून सुवार्ताचा सलाम.

फोनवर तुम्ही “समदं बरं हाय” एवढंच म्हणताव, म्हणून पत्र लिहायलेय. माझा खोकला गेलाय, आईला सांगा.

सध्या सेमिनरीत आम्ही बायबलातलं आमोस संदेष्ट्याचं पुस्तक शिकायलोय. मेंढरं राखणारा माणूस. तेव्हा राज्यात सुबत्ता होती, शेठलोकांच्या घरी हस्तिदंती पलंग, आन् गरिबाला धान्य देताना माप लहान. हे त्यानं राजाच्या देवळात तोंडावर सांगितलं. पुजाऱ्यानं त्याला हाकललं.

सरांनी विचारलं, असा माणूस कुणी पाहिलाय का? मी म्हटलं, माझे वडील औरादला अडतीवर तोलार होते, शेतकऱ्यांचा माल तोलायचे. तुरीच्या पहिल्या पोत्याला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे. मालकानं काटा मारायला सांगितला तेव्हा बोलले, “तोंडानं लाभ म्हणून हातानं चोरी करू व्हय?” आन् उठून घरी आले.

दुसरं काम लागलं का? काम सोडलं म्हणून रुसलेली आई बोलायली का तुमच्याशी? अप्पा, तुमच्यामुळं मला हे पुस्तक कळायलंय. देवाचे लई उपकार.

हाकलताना पुजारी आमोसला म्हणाला होता, आपल्या मुलखात जा आन् तिथंच भाकर खा. धाकटी पिंकी सांगायली, तुम्ही अर्ध्या भाकरीवर उठायलाव.

उठू नका. पोटभर खा.

तुमची लेक,
सुवार्ता