फीत लावलेली गाडी

२ फेब्रु., सोम.
ट्रस्टची गाडी आली. पांढरी, मागे टेबल, दोन स्टुलं, इन्व्हर्टर. बिघडलेली डिस्क वाचायचं यंत्र मीच टेबलाला स्क्रूंनी आवळलं, म्हणजे खड्ड्यांत उडणार नाही. तंत्रनिकेतनच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं काढली, असं टेबल कधी वाट्याला आलं नाही. लहान लहान संस्थांचे कंप्युटर त्यांच्या दारात जाऊन नीट करायचे, माणसांना शिकवायचं. पारशिवनी, खापा, पुढची गावं, यादी तयार आहे. ड्रायव्हर रामदासभाऊ टाकी भरूनही आले. उद्या सकाळी निघायचं.

३ फेब्रु.
नाही निघालो. ट्रस्टचे अध्यक्ष काकासाहेब (यापुढे का.सा., पूर्ण नाव लिहायचाही संताप येतोय) सकाळीच हजर. उद्घाटन झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळू दे. स्वतःच्या हातांनी पुढच्या आरशापासून मागच्या दारापर्यंत लाल फीत बांधली आणि किल्ली खिशात टाकून गेले. वर मलाच विचारतात, "मॅडम, एकदा वापरली की मग उद्घाटन कशाचं करायचं?"
 याला उत्तर आहे, पण सभ्य भाषेत नाही.

५ फेब्रु., गुरु.
इथे नागपूरला, धरमपेठेत ऑफिससमोर गाडी उभी. येणारेजाणारे विचारतात, कोणाचं लग्न आहे.
दुपारी पारशिवनीहून मंदाताईंचा फोन. सिकलसेल असलेल्या मुलांचं काम करतात. गावोगाव हिंडून कोणाला हा आजार, कोणाला कधी रक्त दिलं, रिपोर्ट काय, सगळं आठ वर्षं लिहून ठेवलंय. मागच्या वर्षी वाळवीने कागद खाल्ले. आता जे काही आहे ते त्या एका कंप्युटरमध्ये.
"मॅडम, मशीन आतून टकटक करून राहिली. चालू होते अन् मंग आपोआपच बंद पडते."
 डिस्क जातेय. म्हटलं, बंद करा, वायर काढून ठेवा, कोणालाही हात लावू देऊ नका. मी गाडी घेऊन परवा येते.
परवा. कोणत्या तोंडाने म्हणाले कोण जाणे.

७ फेब्रु.
का.सा.कडे गेले. पाहुणे दिल्लीत. मी डिस्कचं सांगितलं, मुलांचं सांगितलं. ऐकताना ते निमंत्रणपत्रिकेचा नमुना बघत होते. "चार दिवसांनी काय बिघडतं? आणि आपण सगळ्या संस्थांना पेनड्राइव्ह दिलेत ना त्या शिबिरात? त्यात असेलच की."
एस.टी.ने जावं, तर यंत्र गाडीत स्क्रू केलेलं आणि गाडीला कुलूप. मीच आवळलेल्या स्क्रूंचा राग आला.
पेनड्राइव्हचं मात्र खरं आहे. सर्वांना दिलेत. विचारायला हवं. जरा धीर आला.

९ फेब्रु., सोम.

मंदाताईंचा फोन सकाळीच. सोनल, बारा वर्षांची, काल नागपूरला दवाखान्यात भरती केली. रक्त द्यावं लागणार. मागच्या वेळी रक्त चढवताना अंगभर गांधी उठल्या होत्या, थंडी भरली होती. कोणतं रक्त चाललं नव्हतं ते तेव्हाच्या कागदावर आहे. डॉक्टर तो कागद मागताहेत, नव्याने तपासण्या करायला वेळ लागतो. आईने कागद विश्वासाने मंदाताईंकडे दिलेला. मूळ वाळवीने खाल्ला. स्कॅन मशीनमध्ये.
"सोनलची माय इथं फोनवर रडून राहिली, मॅडम. मी तिले काय सांगू?"
मी घाईघाईने विचारलं, पेनड्राइव्ह?
"आहे ना. कपाटात ठेवला आहे."
"त्यात काय काय घेतलंय?"
"त्यात काहीच नाई. पाकीट फोडलंच नाई."
काहून नाही फोडलं, असं मीही त्यांच्याच भाषेत ओरडणार होते. मग आठवलं.
दोन वर्षांपूर्वीचं शिबिर. पेनड्राइव्ह टेबलावर गुलाबी जिलेटिनच्या पाकिटांत रचलेले. पाहुणे अडीच तास उशिरा. कंप्युटरमधल्या माहितीची नक्कल कशी ठेवायची ते शिकवायची वेळ झाली तेव्हा एका बाईंनी पाकीट उचललं, आणि माईकवरून मीच म्हणाले, "पाकिटं फोडू नका, पाहुण्यांच्या हस्ते द्यायची आहेत, फोटो व्हायचाय." का.सा. नाही. मी. मग काय करणार, त्याच कंप्युटरमध्ये दुसरा कप्पा करून त्यात नक्कल करून दाखवली. नंतर खरी पद्धत सांगू म्हटलं. नंतर पाहुणे आले, वाटप झालं, फोटो झाला, जेवणं झाली. सांगायचं राहिलं.
मंदाताई म्हणाल्या, "तुमी दाखवलं तसंच करतो मी. दर महिन्याले. एक महिना चुकवला नाई."
एक महिना चुकवला नाही. त्याच डिस्कवर, दुसऱ्या कप्प्यात. डिस्क गेली की दोन्ही गेलं.
आठवडाभर का.सा.ना शिव्या घालतेय. स्वतःला घालायला शब्द सापडत नाहीत.

१० फेब्रु., मंगळ.
सकाळी रामदासभाऊ दारात. "बाई, दुसरी किल्ली गाडी घेतली तवाच मले देल्ती. कोणी मांगतली नाई, मी सांगतली नाई."
आधी का नाही बोललात, म्हणणार होते. मीही कुठे विचारलं होतं.
फीत कापायला कात्री काढली तर त्यांनी हात धरला. "सोडू द्या. सोडली तं परत बांधता येते." एकेक गाठ सोडली, घडी करून सीटखाली ठेवली.

११ वा. पारशिवनी. डिस्क काढून यंत्राला लावली. टकटक, शांतता, टकटक, आणि मग फिरली. मंदाताई देवासमोर उभं राहावं तशा उभ्या. आधी सगळं गाडीतल्या यंत्रात उतरेल, आपल्याला हवी ती फाइल आधी मागता येत नाही. मध्ये थांबवली तर परत फिरेलच असं नाही.

२.०५. एकतीस टक्के. सोनलची फाइल अजून नाही. तिच्या आईचा फोन दोनदा.

२.२०. का.सा.चा फोन. पाहुणे अचानक मोकळे झालेत. आज पाच वाजता, धरमपेठ. मंडप घातलाय. "गाडी कुठे आहे?"
म्हटलं, कामावर.
 मग अगदी गोड आवाजात, "पाचला इथे दिसली नाही, तर उद्यापासून हे काम दुसरं कोणी बघेल, मॅडम."
सव्वीस वर्षांनी मिळालेलं टेबल. आठ दिवसांत जाणार.

३.१०. त्रेचाळीस. रामदासभाऊ: "निघाचं असन तं आत्ता, बाई. मंग नाई पोचत." फीत त्यांच्या हातात.
मी म्हटलं, चहा सांगा.
का.सा.चा फोन वाजतोय. वाजू दे.
मंदाताईंना म्हटलं, तो पेनड्राइव्ह आणा, जे उतरलंय ते तुमच्याजवळही राहू दे. कपाट उघडून आणला. गुलाबी जिलेटिन, सोनेरी दोरा, वर पाहुण्यांच्या नावाचं लेबल. दोन वर्षांत सुरकुतीसुद्धा नाही. दोन्ही तळव्यांवर धरून उभ्या राहिल्या.
"फोडू मी?"
म्हटलं, फोडा.
"फोटो नाई काढाचा?"
नाही म्हटलं. कागद फाटू नये म्हणून नखाने चिकटपट्टी सोडवताहेत. सेहेचाळीस. सोनलची फाइल अजून आलेली नाही.