आयेच्या फोटोतले डोळे

आये,

तुला मी कधी कागद लिहिला नाही. तू होतीस तेव्हा तुला वाचता येत नव्हतं, आणि मला चौथीच्या पुढे कोणी पाठवलं नाही, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर नावं ठेवू नकोस. तू गेलीस ती अडतीस वर्षांची. मी आता शहात्तरची, म्हणजे तुझ्या दुप्पट. गुडघे गेले, दात गेले, तोंड तेवढं शाबूत आहे असं माझी लेक म्हणते. डिलाईल रोडची खोली अजून तीच. समोरची गिरणी गेली, तिथे काचेची बिल्डिंग झाली आणि दुपारी तिचं ऊन आमच्या डोळ्यांत मारतं.

लिहायला बसले ते नातीपायी. माझ्या लेकीने लग्न केलं ते नैरोबीच्या माणसाशी. इथे शिकायला आला होता. चाळीत महिनाभर दुसरा विषय नव्हता, आणि तू असतीस तर तूही तोंडाला पदर लावून बघत बसली असतीस, नाही म्हणू नकोस. माणूस चांगला निघाला. माझ्या हातची कुळथाची पिठी बोटं चाटून खातो. त्यांची ही पोर, चोवीस वर्षांची. रंग बापाचा, केस बापाचे, जीभ माझी. रस्त्यात लोक तिला इंग्लिशमध्ये विचारतात, तू कुठून आलीस? ती मराठीत सांगते, "डिलाईल रोडवरून. तुम्ही?" हसून सांगते, पण घरी आल्यावर चपला कोपऱ्यात भिरकावते.

ती चित्रं काढते. घरातला जुना फोटो घ्यायचा, मोठा करून कापडावर छापून आणायचा, मग त्यावर रंग, कोळसा, सुईदोरा, चिंध्या, काय मिळेल ते लावायचं. बापाच्या आईचं चित्र केलं, त्यात तिकडच्या बायका कमरेला गुंडाळतात ते फुलाफुलांचं कापड शिवलं. मग म्हणाली, आता आपल्याकडची. स्टुलावर चढली आणि भिंतीवरून तुझा फोटो काढला. हार बाजूला ठेवला, काच पुसली, फोटो गालाशी धरून आरशासमोर उभी राहिली. "आजी, बघ ना. माझी हनुवटी. माझं कपाळ. विचारतात ना कुठून आलीस, ही बघ इथून." एवढी खूश ती मला दहावी पास झाली तेव्हाही दिसली नव्हती. मी तांदूळ निवडत तिच्यासमोरच बसले होते. पण म्हाताऱ्या बाईच्या बोळक्या तोंडावर हनुवटी कोण शोधतो?

तुझा फोटो, म्हणते मी. आये, मी सोडून आता हे कोणालाच माहीत नाही, आणि तुलाही नसणार, कारण तू तेव्हा मेलेली होतीस. तुझा फोटो एकच होता, गिरणीच्या पासावरचा, नखाएवढा. तू गेलीस त्या दिवशी तिरडी बांधत होते आणि शेजारची काकी म्हणाली, तिच्या जिवाभावाचं काय असेल ते ठेव गो तिच्यासोबत. मी पंधरा वर्षांची. मला तुझी चंची आठवली, पानतंबाखूची. गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातून आलीस की आधी ती उघडायचीस, मग खोकायचीस. मी ती तुझ्या कमरेला खोचली. पास तू चंचीत ठेवायचीस हे मला काय ठाऊक. चौथ्या दिवशी बाबांनी लालबागच्या फोटोवाल्याला विचारलं, एवढ्याशा फोटोवरून मोठा होईल का? तो म्हणाला, होईल, आणा. मग घरात शोधाशोध सुरू झाली. शेवटी मी सांगितलं, चंची तिच्याबरोबरच गेली. बाबांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "तूच जाळलास तिचा चेहरा. आता तूच बस."

तुझं लुगडं नेसवलं मला. काकीच्या कुड्या, नाकात तिचीच मोरणी, कपाळावर आडवं कुंकू. तुझ्यासारखी मीच दिसते असं सगळी चाळ म्हणायची, त्यात माझा गुन्हा काय? फोटोवाला काळ्या कपड्यात डोकं घालून म्हणाला, "हसू नको हां बाळ, मेलेल्याचा फोटो आहे." मला हसू कुठून येणार होतं? मग त्याने बारीक ब्रशने माझ्या गालांवर दोन रेघा ओढल्या, कानाजवळचे केस पांढरे केले, आणि मी अडतीस वर्षांची झाले. वर्षश्राद्धाला बाबांनी त्या फोटोला हार घातला. धाकटे दोघे भाऊ तेव्हा चार आणि सहा वर्षांचे. दोघं त्याच फोटोच्या पाया पडून परीक्षेला गेले, नोकरीला लागले, आणि आता दोघंही नाहीत. कोणाला कधी सांगितलं नाही. एकसष्ट वर्षं मी माझ्याच फोटोखाली जेवते, आणि पितृपक्षात त्याच्यापुढे पान वाढते. बाबांना शिक्षा द्यायची अक्कल होती खरी.

पोरगी महिनाभर चाळीच्या गॅलरीत चित्र करत बसली. तुझ्या लुगड्याचा काठ मागून घेतला, तो शिवला. केसांत कापूस चिकटवायला लागली तेव्हा मी ओरडले, "अगं, गिरणीतल्या कापसानेच मारलं तिला, आणि तू तोच डोक्यावर लावतेस?" तर म्हणते, "म्हणूनच लावतेय, आजी." तिच्यापुढे बोलून उपयोग नाही. पण परवा ती थांबली. ब्रश खाली ठेवला आणि म्हणाली, "आजी, या बाईचा चेहरा चाळिशीचा आहे आणि डोळे लहान पोरीचे. घाबरलेल्या पोरीचे. फोटोत काहीतरी चुकलंय. खरे डोळे कसे होते गं तिचे?"

कोणाला कळलं नाही ते तिला कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. तिने चित्र फाडलं नसतं, मला रागावलीही नसती, उलट माझा हात धरून सगळं विचारून घेतलं असतं आणि तेही चित्रात शिवलं असतं. मला भीती तिची नव्हती. मी सांगितलं की भिंतीवर मी उरते, तू नाहीस. मग तुझं म्हणून या जगात काय राहतं? म्हणून म्हटलं, आधी तुझे डोळे आठवू, ते हिला देऊ, मग बाकीचं बघू. मी डोळे मिटले. तुझा खोकला ऐकू आला. तुझे हात दिसले, सुताने कापलेली बोटं. पाठ दिसली, मोरीत वाकलेली. मग तू वळलीस आणि वर तोंड केलंस, तर तोच भिंतीवरचा फोटो. फोटोवाल्याच्या दोन रेघांसकट.

पोर वाट बघत होती. काहीतरी सांगणं भाग होतं. चाळीत सकाळी एक मासेवाली येते, तिचे सांगितले. बारीक, खोल, कडेला सुरकुत्या, समोरच्याला बघताक्षणी तोलणारे. पोरीने दोन दिवसांत रंगवले आणि मला पुढे ओढून नेलं. "आता आली बघ बाई जिवंत. हीच ना?" मी म्हटलं, हीच.

उद्या ते चित्र फोर्टातल्या एका हॉलमध्ये लागणार. खाली तुझं नाव आणि "माझी पणजी" असं लिहिलंय. चेहरा माझा, डोळे मासेवालीचे. लोक तुला बघायला येतील आणि पोरगी शेजारी उभी राहून त्यांना सांगेल की मी हिच्यातून आले. मी गुडघ्यांचं कारण सांगितलंय, जाणार नाही.

हा कागद कुठे टाकायचा नाही आणि पोरीच्या हाती लागेल असा ठेवायचाही नाही. एवढंच तुला सांगून ठेवते. फोटो जाळला हे माझ्या हातून नकळत झालं. विसरले मात्र मी हळूहळू, रोज थोडी थोडी, आणि ते मला कळत होतं. आता तू स्वतः येऊन दारात उभी राहिलीस ना, तरी मी विचारीन, कोण पाहिजे बाई तुम्हाला?