लाभ, दोन, तीन

६ एप्रिल
तेजलचा फोन! उपग्रह तयार झाला. केवढा? तर आपली आंब्याची पेटी असते ना, तेवढाच! "आजी, तुझंच काम करते गो मी. पेटी भरते." मी हसले. पण खरंच की! तीस वर्षं बागेत पेट्या भरल्या. फळाला फळ घासता नये, हलता नये. नात तेच करते— फक्त पेंढ्याशिवाय. आणि पेटी बसवायची रॉकेटच्या टोकात.

७ एप्रिल
कनीज आली, बांगडे घेऊन. "तुझी नात रॉकेट बनवते म्हणे?" म्हटलं, रॉकेट नाही गो, आतला माल! रॉकेट म्हणजे टेंपो. "मग ड्रायव्हर कोण?" ड्रायव्हर नसतो. "या अल्ला! मग वळतं कसं?" हे मला नाही माहीत. विचारायला हवं. बांगडे चांगले होते.

११ एप्रिल
फोटो आला. पांढरा झगा, डोकं झाकलेलं, तोंड झाकलेलं. सून म्हणते, "ही आपलीच कशावरून?" म्हटलं करुणा, भुवया बघ— माझ्या आहेत!
उपग्रहाला लाल फिती लोंबत होत्या. मला वाटलं सजवलाय. तर नाही! नाजूक भागांवर टोप्या असतात, धूळ बसू नये म्हणून. त्यांच्या त्या फिती. चोवीस टोप्या. रॉकेटचं टोक बंद करण्याआधी सगळ्या काढायच्या. कॅमेऱ्यावरची राहिली तर उपग्रह वर जाऊन आंधळा. काढायचं काम तेजलचं! म्हटलं, मोजून काढ हो बाय.

१४ एप्रिल
जयंती. विहारात सगळ्यांना तेजलचं सांगितलं. काहींना दोनदा.

१६ एप्रिल
पोर फोनवर रडली. माझ्यामुळे!
काल टोप्या काढल्या. ती एकेक ताटात टाकी नि मोठ्याने मोजी. तिच्यासोबतचा पुण्याचा विनीत ऐकून कागदावर खुणा करी. हिच्या झाल्या चोवीस, त्याच्या खुणा तेवीस. का? तर हिने सुरुवात केली— लाभ, दोन, तीन. पहिल्या फळाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, हे मीच शिकवलेलं. पेट्या भरताना मांडीजवळ बसायची ना! विनीतला वाटलं, काहीतरी देवाचं पुटपुटली. खूणच नाही केली!
आज सगळ्यांसमोर सांगावं लागलं तिला. हसले मेले. साहेब म्हणाले, उद्या मी मोजणार. जुळलं नाही तर ही पेटी खाली उतरवायची, रॉकेट थांबणार नाही. तीन वर्षांची मेहनत!
प्रमोद म्हणाला, "आई, सांगत होतो ना, ही अंधश्रद्धा सोड." स्वतःच्या लेकीचं दुःख, बोलणारच. रात्री मला भात गेला नाही.

१७ एप्रिल
साहेब तेलुगू माणूस. ताट पुढ्यात घेऊन पहिली टोपी उचलली नि म्हणाले, "लाभ." त्यांच्याकडेही असंच मोजतात म्हणे! मग मोजत गेले. टोप्या तेवीसच! चोविसावी नुसती फीत— ओढताना तुटून हातात आलेली. टोपी कॅमेऱ्याच्या डोळ्यावर तशीच होती.
तेजलने काढली. आत्ता टोक बंद झालं.