व्हेक्टर कॅल्क्युलसला मी बसणारच

२ जून
मंचरला कॉलेजात जाऊन आले. इशूच्या वेळी दिवस गेले आणि बी.एस्सी. दुसऱ्या वर्षानंतर सुटलं. आता ती चौथीत. तिसऱ्या वर्षाला परत घ्या म्हटलं. गणिताच्या सरांनी जुनी मार्कलिस्ट उलटसुलट पाहिली. "ताई, पहिल्याच सत्राला व्हेक्टर कॅल्क्युलस आहे. एवढ्या खंडानंतर झेपायचं नाही. बाहेरून बी.ए. करा."
बी.ए. करायला आले नाही म्हटलं.
शेवटी म्हणाले, वर्ग सुरू व्हायच्या आधी तोंडी घेतो, उत्तरं आली तर सही करतो.
घ्या.

५ जून
पुस्तकं माळ्यावरून काढली. एकाला वाळवी. पार्शल डेरिव्हेटिव्ह आठवतायत, डबल इंटिग्रल साफ गेलंय. रडू नाही आलं, राग आला. बरंच झालं, रागात गणितं भराभर होतात.

९ जून
टोमॅटोच्या बांधणीला दिवसभर. पिंपळवंडीत वारा असा की काठ्या हलतायत. व्हे.कॅ. म्हणजे हेच की. रानात उभं राहाल तिथं वाऱ्याचा एक बाण, जोर किती नि दिशा कुठली. बांधाला वेगळा, उसाच्या आडोशाला वेगळा. सगळे बाण एका सूत्रात.
मोठ्यानं बोलत असावे. पलीकडच्या सरीतून आत्या, म्हणजे सासूबाई: "कुनाशी बोलती गं?"
गणिताशी.
"त्याला म्हनावं सुतळी धर."

१४ जून
धाकट्या दिरांचा साखरपुडा ठरला, मुलगी कळंबची. दिवस नेमका तोंडीचाच, २१ तारीख. सरांना फोन केला, दिवस बदलता का. "संसारातून वेळ मिळणार नाही, हेच म्हणत होतो मी." त्याच दिवशी येते म्हटलं, फोन ठेवला.
आत्या: "थोरली सून तू. पोरीची वटी कोन भरनार?"
येऊन भरते.
"पावणं तुझ्यासाठी थांबायचं व्हय?"
नाही थांबले तर तुम्ही भरा.
ताट आपटलं त्यांनी. हे मान खाली घालून जेवत होते.

१७ जून
यांना सरळ विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूचे? "बाजू कसली, मधे सापडलोय मी." चहा संपल्यावर म्हणाले, "कळंबवरनं मंचर काय लांब नाय. गाडीवर सोडतो."
एवढं पुरे.
इंटिग्रलचा क्रम उलटा करणं आज उत्तर न बघता जमलं. इशूला दाखवलं. तिला काही कळलं नाही, पण टाळ्या वाजवल्या.

२१ जून
झाली तोंडी. काठापदराची साडी, हिरवा चुडा, गजरा आणि हातात खडू. मागं प्रवेशाला आलेली पोरंपोरी बसलेली, हसली. हसू देत.
पहिलं: डोंगराच्या उंचीचं सूत्र, या जागी सगळ्यात खडा चढ कुठल्या दिशेला? ग्रेडियंट. सुटलं. दुसरं इंटिग्रल, तेही. तिसऱ्यात अडकले. "राहू द्या आता," सर म्हणाले. नाही, चूक माझी आहे, मीच शोधते. पुसून पहिल्यापासून मांडलं. ते घड्याळ बघत राहिले. वजाचं चिन्ह सुटलं होतं. सापडलं.
"बघू. कळवतो."
सही नाही.
कळंबला पोचले तर ओटी भरून झालेली. आत्यांनीच भरली. माझ्याकडे बघितलंही नाही. नवी मुलगी प्राजक्ता पाया पडली. वर बघून हळूच म्हणाली, "ताई, जमलं का गणित? मला पण बारावीनंतर शिकायचं व्हतं."
व्हतं कशाला म्हणतेस, म्हटलं. पुढं बोलता आलं नाही, फोटोला बोलावलं.

२६ जून
फोन नाही. आत्या अजून अबोल. मी धडा पहिला चालू केलाय. त्याला कुणाची सही लागत नाही.

१ जुलै
वर्ग सुरू. कळवणं नाही, काही नाही. डबा भरत होते, आत्या पहिल्यांदा बोलल्या. "मास्तर न्हाई म्हनला तर?"
उठवेपर्यंत बसेन.
"लई हट्टी हायेस." मग इशूची वेणी घालायला घेतली. ते काम रोज माझं असतं.
पहिल्या बाकावर बसले. सर आले, माझ्याकडे पाहिलं, हजेरी घेतली. माझं नाव नव्हतं. हजेरी संपल्यावर उभी राहून नाव सांगितलं.
"माहीत आहे," म्हणाले.
यादीत लिहिलं की नाही, दिसलं नाही. फळ्याकडे वळून धड्याचं नाव लिहायला लागले. मीही लिहायला लागले.